उ: नाडी बघून विश्रांती
४०० मीटर धावण्याच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये ठरावीक ९० सेकंद थांबायचं की हार्ट रेट उतरेपर्यंत, असं विचारलंय. मी दोन्ही बघतो. कल्पना जुनीच आहे: १९३० च्या दशकात जर्मनीत प्रशिक्षक गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ राइंडेल यांनी नाडी मिनिटाला १८० च्या आसपास न्यायची आणि १२० पर्यंत उतरली की पुढची फेरी, अशी पद्धत बसवली. ९० सेकंदांत ती तिथवर उतरली नाही, तर फेरी झेपण्यापलीकडची होती असं समजायचं. जर्मन धावपटू रुडॉल्फ हार्बिग याच तालमीतला. १९३९ मध्ये ८०० मीटरचा विश्वविक्रम केला त्याने.

पण १२० ला चिकटून बसू नका. ज्याची कमाल नाडीच १६५ आहे, त्याला हा हिशोब लागू नाही. उकाड्यात शेवटच्या फेऱ्यांनंतर नाडी रेंगाळतेच. तेव्हा वाट बघत बसण्यापेक्षा वेग कमी करावा, नाहीतर सरळ थांबावं. २०० मीटरसारख्या छोट्या फेऱ्यांत तर आकडा वर चढेपर्यंत फेरी संपलेली असते, तिथे श्वासावरूनच ठरवा.

आणि हो, मनगटावरचं घड्याळ अशा वेळी नाडीचा आकडा बऱ्याचदा उशिरा दाखवतं. नाडी मोजणारा छातीचा पट्टा घ्या.