मदत हवी आहे: नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांत पांढऱ्या पेशी मोजताना

सांगलीत, सुई न टोचता पांढऱ्या पेशी पाहण्याची मांडणी जुळवतो आहोत. अनामिकेच्या नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब, सूक्ष्मदर्शकाचं दहापट मोठं दाखवणारं भिंग (१०एक्स ऑब्जेक्टिव्ह), ४२० नॅनोमीटरची निळी एलईडी, सेकंदाला ६० फ्रेमचा मोनोक्रोम कॅमेरा. लाल पेशींतलं हिमोग्लोबिन हा प्रकाश जोरात शोषतं, म्हणून लाल पेशींची रांग काळी दिसते आणि पांढरी पेशी सरकत्या उजळ फटीसारखी.

अडचण अशी: नुसत्या प्लाझ्माचीही (रक्तातला पेशी नसलेला द्रव) तशीच फट दिसते. फट वाहिनीच्या पूर्ण रुंदीची आणि वळणानंतरही तेवढीच राहिली तरच धरतो. हा निकष पुरेसा आहे का?

रक्त सेकंदाला १ मिलिमीटर धावलं तर दोन फ्रेममध्ये पेशी साधारण १७ मायक्रॉन सरकते, म्हणजे स्वतःच्या लांबीहून जास्त. एक्स्पोजर २ मिलिसेकंदांवर आणलं की चित्र धूसर होत नाही, पण सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य निळा प्रकाश खातं आणि काळोख होतो. ५३० नॅनोमीटरचा हिरवा वापरला तर फटीचा उठाव किती घटतो?

बोट गार असेल तर प्रवाहच मंदावतो. कोमट पाण्यात धरून मगच घेतो. बोट जास्त दाबलं तरी प्रवाह मंदावतो. सांगली-मिरजेत कुणाकडे जास्त फ्रेमरेटचा कॅमेरा असेल तर कृपया कळवा.