लो-कार्ब बिअर, निळे होणारे डोंगर आणि बाटलीवरच्या बाकी थापा : तुमचे अनुभव सांगा

परवा मित्राकडे बसलो होतो. त्याने फ्रीजमधून लो-कार्बचा कॅन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, घे बिनधास्त, डाएटला चालते. मी सवयीने कॅन फिरवून बघितला. पुढे 'लो कार्ब' अंगठ्याएवढ्या अक्षरात, आणि अल्कोहोल ५ टक्के हे मागे बारकोडखाली, चष्मा लावून वाचावं लागेल असं.

मला याचा मनापासून राग येतो, कारण हिशोब शाळेतला आहे. ३३० मिलीच्या ५ टक्के बिअरमध्ये साधारण १३ ग्रॅम अल्कोहोल, ग्रॅमला ७ कॅलरी, झाल्या ९१. कार्बला ग्रॅममागे ४ कॅलरी. साध्या बिअरमध्ये ११ ग्रॅम कार्ब धरले तर ४४, लो-कार्बमध्ये ३ धरले तर १२. म्हणजे १३५ विरुद्ध १०३. वाचल्या ३२ आणि मुख्य ९१ ला कोणी हातसुद्धा लावलेला नाही! त्यात 'शुगर फ्री' लिहितात ते तर कमालच, साखर साध्या बिअरमध्येही जवळपास नसतेच, ती यीस्टने आधीच खाल्लेली असते.

तुम्हाला कोणत्या लेबलने, बाटलीने, जाहिरातीने गंडवलं ते लिहा. खरंच काही उपयोगाचं निघालं असेल तर तेही लिहा.

*

माझे चार महिने असेच गेले. आधी शनिवारी दोन व्हायच्या, लो-कार्ब आणायला लागल्यापासून तीन, कारण डोक्यात बसलेलं की ही हलकी आहे. तुमच्याच आकड्यांनी आत्ता मांडून बघितलं, दोन साध्या २७० आणि तीन लो-कार्ब ३०९. पोट का हललं नाही ते आज कळलं. बायको पहिल्या महिन्यापासून सांगत होती की तू संख्या मोज, कार्ब मोजू नकोस.

*

मी घरी बिअर बनवतो, त्यामुळे हे प्रकरण आतून बघितलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. माल्टमधली (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) सगळी साखर यीस्टला खाता येत नाही, मोठ्या साखळ्यांचे डेक्स्ट्रिन उरतात आणि बिअरला जो अंगभरपणा येतो त्यात त्यांचा मोठा वाटा असतो. लो-कार्बसाठी एक एन्झाइम घालतात, अमायलोग्लुकोसिडेज, ते या साखळ्या तोडून त्यांची साधी साखर करतं आणि यीस्ट तीही संपवतं. हे नवीन नाही बरं का, जोसेफ ओवेड्स या केमिस्टने हीच युक्ती वापरून केलेली गॅब्लिंगर्स नावाची डाएट बिअर १९६७ मध्ये अमेरिकेत आली आणि चालली नाही. तीच कल्पना पुढे १९७५ मध्ये 'मिलर लाइट' म्हणून देशभर गेली आणि तुफान खपली, या खेपेला जाहिरातीत डाएट नव्हतं, खेळाडू होते आणि 'चव मस्त, पोट कमी भरतं' असं सांगणं होतं. पोट कमी भरतं म्हणजे जास्त पिता येते, दुसरं काय.

तर मी एकदा १०४४ ग्रॅव्हिटीच्या वर्टमध्ये, म्हणजे अजून न आंबलेल्या माल्टच्या गोड पाण्यात, ते एन्झाइम घातलं. ग्रॅव्हिटी म्हणजे घनता, साधं पाणी १०००, साखर जितकी जास्त तितका आकडा वर. नेहमी माझी बिअर १०१० ला थांबते. यावेळी हायड्रोमीटर (घनता मोजायची तरंगती नळी) रोज थोडा थोडा बुडत गेला, १००४, १०००, आणि शेवटी ९९८, पाण्याच्याही खाली. चव कोरडी, पातळ, घोट गेला की तोंडात काही राहत नाही. पण खरी गंमत पुढे आहे. नेहमी साडेचार टक्के येतं तिथे सहा टक्के अल्कोहोल आलं! कार्ब गेले कुठे, तर अल्कोहोलमध्ये गेले. कारखान्यात मग पाणी घालून किंवा आधीच धान्य कमी घेऊन ते खाली आणतात. तेव्हा लो-कार्बच्या कॅनवर आधी टक्के बघा, बाकीचं नंतर.

*

वरच्या प्रतिसादाला शंभर मार्क. माझा अनुभव हसण्यावारी नेण्यासारखा नाहीये. सासऱ्यांना डायबेटिस, गोळ्या चालू, आणि कोणीतरी सांगितलं की लो-कार्ब बिअर शुगरवाल्यांना चालते. एका रात्री जेवण टाळून दोन घेतल्या. पहाटे घाम, थरथर, शुगर बरीच खाली गेलेली. डॉक्टरांनी समजावलं की लिव्हर दारू निपटवण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडायचं काम मंदावतं, त्यात साखर खाली आणणारी गोळी आणि रिकामं पोट. आता ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय ग्लासला हात लावत नाहीत. लेबल बघून औषधपाण्याचे निर्णय घेऊ नका, हात जोडून विनंती.

*

रंग बदलणारं लेबल! २००७ च्या सुमाराला 'कूर्स लाइट' या अमेरिकन बिअरच्या बाटलीवरचे डोंगर गार झाले की निळे व्हायला लागले. तापमानाने रंग बदलणारी शाई, बाकी काही नाही. अरे, बाटली हातात धरलीये ना, मग गार आहे की नाही हे डोंगराला काय विचारायचं? मग २०१० मध्ये 'मिलर लाइट'ने मानेच्या आत पिळाच्या खाचा असलेली बाटली काढली, म्हणे बिअर गरगरत ओतली जाते. ग्लासात पडल्यावर सगळं सारखंच. आणि बिअर इतकी बर्फगार प्यायला लावतात त्याचंही कारण आहे, गारठ्याने जीभ बधिर झाली की पातळपणा कळत नाही.

*

मी जरा विरुद्ध बाजूने. गिनेस या आयरिश काळ्या बिअरच्या कॅनमधला प्लास्टिकचा गोळा मला आधी चक्क फसवणूक वाटायचा. एकदा रिकामा कॅन कापून काढला, पिंगपाँगच्या बॉलसारखा, वर सुईच्या टोकाएवढं एक भोक. आत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, कॅन फोडला की तो त्या भोकातून जोरात बाहेर येतो आणि तो सायीसारखा फेस होतो. कॅनमध्ये असं काहीतरी घालायची युक्ती १९८० च्या दशकाच्या शेवटापासून आहे, गोळ्याचा आकार नंतर आला, आणि ती काम करते, म्हणून तिला गिमिक म्हणवत नाही.

आणि गंमत बघा, ही काळीकुट्ट बिअर बघून आमच्या ग्रुपमधले सगळे 'नको बाबा, जड असते' म्हणतात आणि बाजूची सोनेरी पाच टक्केवाली लागर उचलतात. गिनेस ड्राफ्ट जेमतेम ४.२ टक्के, शंभर मिलीला ३५ च्या आसपास कॅलरी, लागरला चाळिशीच्या पुढे. रंग येतो तो भाजलेल्या बार्लीचा. मागच्या वेळी दोन्ही कॅन शेजारी ठेवून मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचून दाखवली, तरी दोघांनी सोनेरीच घेतली.