आईची नर्सिंगची टोपी, काचेच्या सिरिंजा... म्युझियमसाठी कसं जपायचं?

कोयनाकाठ: आई ३४ वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, मेट्रन म्हणून रिटायर झाली. तिच्या नर्सिंग स्कूलमधे आता एक खोली म्युझियमसाठी देतायत, तुमच्याकडचं काही द्याल का म्हणून विचारलंय. ट्रंकेतून खळ घातलेली टोपी, बेल्टचं चांदीचं बक्कल, दोन काचेच्या सिरिंजा, लाल रबरी कॅथेटर, पाऱ्याचं थर्मामीटर आणि ड्युटीची वही निघाली. टोपी पिवळी पडलीय, रबर हाताला चिकटतंय. कसं ठेवायचं? आणि नुसतं कपाटात मांडून आजच्या मुलींना काय कळणार हाही प्रश्न आहेच.

जुनीवस्तू: ताई रबर आजच वेगळ्या डब्यात काढा, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. टोपीच्या घड्यांचे आधी फोटो काढा आणि मग साध्या पाण्यात खळ काढून टाका, खळीला कसर लागते. आत अॅसिड-फ्री कागदाचे बोळे भरून ठेवा. उजेड कमी, कापडाला ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर नको. वही लॅमिनेट करू नका, सेलोटेपही नको, आणि पेशंटची नावं असलेलं पान उघडं ठेवू नका.

टेम्सकाठी: मी लंडनला असते. इथे सेंट थॉमस हॉस्पिटलच्या आवारात फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्युझियम आहे. आपल्याकडे चित्रात तिच्या हातात तेलाचा दिवा दाखवतात ना, तिथे बघितलं तर तो घडीचा तुर्की कंदील आहे, आपल्या आकाशकंदिलासारखा दाबला की चपटा होणारा! तिने पाळलेलं अथेना नावाचं घुबडही पेंढा भरून ठेवलंय. क्रिमियन युद्धात ती जखमी सैनिकांची शुश्रूषा करायची तो वॉर्ड मला तो कंदील बघूनच खरा वाटला.

निवृत्त_सिस्टर: बाळा, आईला बोलतं कर आधी. सिरिंज दिसेल पण ती उकळायची कशी हे कोण सांगणार? दट्ट्या आणि नळी वेगळी करून गॉजमधे गुंडाळायची, तळाला गॉज अंथरायचा नाहीतर काच तडकायची, आणि नळी-दट्ट्याची जोडी चुकली की औषध मागून गळायचं. बोथट सुया आम्ही दगडावर घासायचो आणि कापसावरून ओढून बघायचो, धागा अडकला की परत घासायची. रात्रपाळीला गॉज कापून घड्या घालून निर्जंतुक करायचे ड्रम भरायचे. १८९१ साली मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमधे ट्रेनिंगला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव आम्ही परीक्षेत लिहायचो, पहिल्या भारतीय नर्स म्हणून, पण एकच ओळ. त्यांनी पहिली रात्रपाळी कशी काढली हे मला आजही जाणून घ्यायचंय.

कोयनाकाठ: सिस्टर, तुमचं आईला वाचून दाखवलं. ती उठली, जुन्या उशीच्या अभ्र्याचा तुकडा घेतला आणि पंचवीस वर्षांनी टोपीच्या घड्या घालून दाखवल्या, दोन पिना मागे, एक मधे. मोबाईलवर सगळं रेकॉर्ड केलंय, टोपीशेजारी हाच व्हिडिओ लावायला सांगते.