क्लास-ऑब्जेक्ट शिकायला क्लास लावू का? इंदूर, बजेट १५००

डबेवाली_काकू
नमस्कार मंडळी. भंवरकुआंला माझे ३८ डबे जातात, सगळी कोचिंगची मुलं. हिशेब वहीत. कोणी आठ दिवस गावाला जातं, कोणाला रविवारी नको, कोणाची मागची बाकी. एक्सेल येतं मला. हिशेब कॉम्प्युटरवर आणायला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतेय. तिच्यातलं इफ, फॉर, फंक्शन बघून बघून जमलं, पण क्लास आणि ऑब्जेक्ट आलं की सगळं डोक्यावरून जातं. दुपारी चार ते पाच एवढाच वेळ असतो. बजेट १५००, वर एक रुपया नाही. क्लास लावू, पुस्तक घेऊ, काय करू?

राजवाडा_एक्सप्रेस
काकू आधी लॅपटॉप कोणता ते सांगा. मी दिवाळीत ६२ हजाराचा घेतला १६ जीबीवाला, एकदम बढिया.

जावावाली_सूनबाई
जावा भाषाच शिका. पायथनमध्ये सगळा ढिला कारभार. आम्ही शिकलो तेव्हा क्लास लिहिल्याशिवाय हॅलोसुद्धा छापता यायचं नाही, हात आपोआप वळतो. याच्या जोरावर मला नोकरी लागली, आज ११ वर्षं झाली.

पलासिया_७८६
ताई ते जुनं झालं, जावाच्या २५ व्या आवृत्तीपासून छोट्या प्रोग्रामला क्लास लिहायची सक्ती गेली.

जावावाली_सूनबाई
सक्ती गेली म्हणून शिस्त सोडायची का??

ग्वाल्हेरचे_तात्या
भाषेवरून भांडू नका. क्लास-ऑब्जेक्टची कल्पना १९६७ च्या सिम्युला भाषेतली, नॉर्वेच्या डाल आणि न्यूगार्ड यांची, तुमच्या दोन्ही भाषा तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. काकू, सोपं आहे. क्लास म्हणजे मोदकाचा साचा, ऑब्जेक्ट म्हणजे मोदक. झालं.

बडोदेकर
तात्या, साच्यानेच तर घोळ होतो. मोदक साच्यातून निघाला की संपलं, तो पुढे काही करत नाही. काकू, तुमच्या वहीत प्रत्येक मुलाचं वेगळं पान असेल ना? पानावर आखलेले रकाने, नाव, दर, किती डबे, बाकी, आणि बाकी काढायची रीत, हे सगळं मिळून क्लास. जोशीचं भरलेलं पान हा एक ऑब्जेक्ट, यादवचं पान दुसरा. रकाने तेच, आकडे ज्याचे त्याचे. बाकी काढायची ती रीत म्हणजे मेथड. आणि ते सेल्फ सेल्फ जे सगळीकडे दिसतं ना, त्याचा अर्थ 'हे आत्ता उघडलेलं पान'. जोशी डॉट डबा_मांड असं लिहिलं की पायथन जोशीचं पान सेल्फच्या जागी आपणच ठेवतो. नावं देवनागरीत दिली तरी चालतात पायथन ३ मध्ये, फक्त क्लास, डेफ असले शब्द इंग्रजीत लागतात.

ग्वाल्हेरचे_तात्या
मोदकात सारण वेगवेगळं भरता येतं.

सराफा_रात्री_अकरा
भिया भुकेच्या वेळी मोदक कशाला काढता 😭
मी ४५ हजार भरून ऑनलाइन कोर्स केला होता, नाव घेत नाही, लाइव्ह म्हणाले आणि सगळं रेकॉर्डेड निघालं, शंका विचारली तर तीन दिवसांनी उत्तर. पण शिकलो ते मामाच्या किराणा दुकानाची उधारी लिहिताना. उधारीची रिकामी लिस्ट मी थेट क्लासखाली ठेवली, इनिटच्या (नवा ऑब्जेक्ट बनताना आपोआप चालणारी मेथड) आत नाही. एकाने तेलाचा डबा नेला तर तो सगळ्या गिऱ्हाइकांच्या नावावर चढला! मामाने दुकानात सगळ्यांसमोर काढली माझी. लिस्ट एकच होती, सगळे तीच वापरत होते. प्रत्येकाला आपली हवी तर इनिटमध्ये सेल्फ डॉट उधारी लिहायचं. आणि इनिटला पुढे दोन, मागे दोन अंडरस्कोअर. मी एकेकच दिला होता, तर म्हणे हा क्लास आर्ग्युमेंट, म्हणजे कंसात दिलेली माहिती, घेतच नाही, अख्खी संध्याकाळ गेली त्यात.

पलासिया_७८६
+१, लिस्टवालं माझंही झालंय. पायथन ट्यूटर नावाची साइट आहे, फुकट, कोड टाकला की ओळीओळीने चौकोन आणि बाण काढून दाखवते, दोन बाण एकाच लिस्टवर गेलेले डोळ्यांना दिसतात. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियलही फुकट, जावा आणि सी प्लस प्लसचे मराठीत आहेत. १५०० ठेवा बाजूला.

जावावाली_सूनबाई
तेच म्हणते, जावा मराठीत आहे.

नवीन_पालक
भंवरकुआंला चार वाजता गाडी लावायला जागा मिळते का हो? मुलीला सोडायचं असतं.

राजवाडा_एक्सप्रेस
अजिबात नाही. मी दोन चलानं भरलीत.

डबेवाली_काकू
सगळं वाचलं. बडोदेकर भाऊ, पानाचं बरोबर डोक्यात बसलं, रात्री वही उघडून बघितली तर खरंच सगळी पानं दिसायला एकसारखी. सराफावाल्या, ती लिस्टची चूक मी आधीच केली होती, ३८ जणांची बाकी एकच येत होती, मला वाटलं कॉम्प्युटर बिघडला.
पण पायथन सोडतेय, जावाही नको. माझ्या डब्याची एक मुलगी बीसीएला आहे, तिला सी प्लस प्लस आहे, ती म्हणाली काकू मीच शिकवते, बदल्यात रात्रीचा डबा. फी वाचली, आणि अडलं तर विचारायला समोर माणूस आहे. काल पहिला दिवस. डबा नावाचा क्लास लिहिला आणि शेवटच्या महिरपी कंसानंतर सेमीकोलन राहिला, त्यावरून भलत्याच ओळीवर एरर.

जावावाली_सूनबाई
जावात तो लागत नाही. बघा.

राजवाडा_एक्सप्रेस
पण लॅपटॉप कोणता??

डबेवाली_काकू
मुलाचा जुना, ४ जीबीचा. चालतो. एक बटण निघालंय, सेमीकोलनचंच.