आयताकृती शेततळं: छाटलेला पिरॅमिड की प्रिझमॉइड?

रेषाखंड (नाशिक रोड): निफाड-चांदवडकडे शेततळ्याचं खोदकाम मोजताना बरेच जण टोक छाटलेल्या पिरॅमिडचं वर्गमुळाचं सूत्र लावतात: खोली/३ × (वरचं + तळाचं क्षेत्रफळ + त्या दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ). चौरस तळ्याला ते अचूक, आयताकृतीला चूक. वरचं तोंड ४४×२० मीटर, खोली ३, उतार उभ्या १ ला आडवे दीड धरला, तर तळ ३५×११. कडा खाली वाढवा: ६.६७ मीटरवर २४ मीटरची रेघ मिळते, बिंदू नाही. मग पिरॅमिड कुठला? हा प्रिझमॉइड: दोन समांतर पाये, दोन्हींना तितक्याच बाजू, भिंती समलंब किंवा समांतरभुज चौकोन. घनफळ = खोली/६ × (वरचं + ४ × मधलं + तळाचं क्षेत्रफळ) = १८५७ घनमीटर. वर्गमुळाने १८४७ येतात.

पोकलेनवाला: दहा घनमीटरसाठी एवढा खल? वर-खालच्या क्षेत्रफळांची सरासरी लावणारे १८९७.५ चं बिल काढतात, आधी ते थांबवा. शिवाय तुमची व्याख्या फार आखूड आहे. तळाचे कोपरे बकेटने गोल होतात, तिथे 'तितक्याच बाजू' कुठे राहिल्या? प्रिझमॅटॉइड म्हणा: सगळे शिरोबिंदू दोन समांतर प्रतलांत, बस. पिरॅमिड, पाचर सगळं त्यात येतं आणि सूत्र तेच.

रेषाखंड: गोल कोपऱ्याला मोजके शिरोबिंदूच नसतात, म्हणजे तो प्रिझमॅटॉइडही नाही. तरी सूत्र चालतं, कारण आडव्या छेदाचं क्षेत्रफळ खोलीच्या सूत्रात मांडलं, तर खोलीचा घात तीनपलीकडे जात नाही. ते गोलालाही अचूक लागू पडतं, म्हणून गोलाला प्रिझमॅटॉइड म्हणणार का? सूत्र लागू पडलं म्हणून व्याख्या ताणू नका.

लेव्हलबुक: नावावर भांडा, पण 'मधलं' म्हणजे काय ते आधी नीट धरा. दीड मीटर खोलीवर ३९.५×१५.५, म्हणजे ६१२.२५ चौरस मीटर. तिथे ८८० आणि ३८५ ची सरासरी ६३२.५ घातलीत, तर उत्तर पुन्हा १८९७.५. बिलं तिथेच फुगतात.

पोकलेनवाला: आणि खाली काळा पाषाण लागून भिंत उभी राहिली तर? तुमचा समलंब तिथेच मोडतो.

लेव्हलबुक: मग उतार बदलतो त्या खोलीवर टेप धरायचा आणि दोन थर वेगळे मोजायचे. २ मीटरवर बदलला तर ० ते २ एक प्रिझमॉइड, २ ते ३ दुसरा, प्रत्येकाचा मधला छेद स्वतंत्र. हे अस्तराचा कागद अंथरण्याआधीच उरकायला हवं.

रेषाखंड: मान्य. पण मापवहीत प्रत्येक थरापुढे 'प्रिझमॉइड' लिहा, 'पिरॅमिड' नको. तो शब्द दिसला की तपासणारा वर्गमुळच काढतो.