परदेशातला शेवटचा दिवस रिकामा ठेवावा का?

संत्रावाला, वरुड तालुका :
अंबिया बहाराच्या संत्र्याचे पैसे हातात आले तसे आम्ही उभयता आणि साडभाऊंचं कुटुंब सिंगापूरला जाऊन आलो. परतीचं विमान रात्रीचं. शेवटच्या दिवशी साडभाऊ म्हणाले, चार ठिकाणं उरकून टाकू. आम्ही दोघं मात्र बोटॅनिक गार्डनमध्ये जाऊन बसलो. तिकीट नाही (ऑर्किडच्या भागाला तेवढं आहे). बाग 1859 ची, 2015 पासून जागतिक वारशात. तिथं टेंबुसूचं जुनं झाड आहे, त्याची एक जाड फांदी खाली उतरून आडवीच पसरलेली. सिंगापूरच्या पाच डॉलरच्या नोटेवर हेच झाड छापलंय. खिशात तेवढी एकच नोट उरली होती. बायकोनं ती डोळ्यासमोर धरून फांदी जुळवून पाहिली, मग उलटी धरली, मग मला दिली. पाच दिवसांत पहिल्यांदा कोणी "चला, चला" म्हटलं नाही. माझ्या मते शेवटचा दिवस मोकळाच ठेवावा. गावात सगळे येड्यात काढून राह्यले, म्हणून इथं विचारतो.

मोर्शीचा भाऊ :
काढतीनच ना बावा! एवढे पैसे लावून झाडाखाली बसाले सिंगापूर काहून पाह्यजे? तुमच्या धुऱ्यावर बाभूळ नाही का? आपल्यासारख्याचं जाणं एकदाच होते. साडभाऊ बरोबर.

दर्यापूरची सून :
मीही विरोधात, पण कारण वेगळं. सासूबाई, दोन नणंदा, शेजारच्या काकू, सगळ्यांचं घ्यायचं शेवटच्या दिवशीच राहतं. आमची दुपार लिटल इंडियातच गेली. शिवाय एका दुकानात शंभर डॉलरच्या वर घेतलं की 9 टक्के जीएसटी परत मागता येतो, पण त्याची मशीन चांगी विमानतळावर. वस्तू दाखवायला सांगू शकतात, म्हणून बॅग आत देण्याआधी तिथं पोचावं लागतं. हात हलवत घरी आलं तर बोलणी पुरुषांना बसत नाहीत.

संत्रावाला :
ताई, मान्य. आमची खरेदी आदल्या रात्री झाली होती, तीही हिनं रेटली म्हणून. भाऊ, धुऱ्यावर बसलं की पाच मिनिटांत मोटर बंद पडल्याचा फोन येतो. अन् बसलो म्हणूनच एक गोष्ट समजली. ब्राझीलच्या रबराची रोपं 1877 मध्ये लंडनमार्गे या बागेत आली. पुढे रिडली नावाच्या संचालकानं झाड न मारता चीक काढायची रीत इथंच बसवली. सालीला तिरपा काप, खाली वाटी. आपल्या बगीच्यात डिंक्या आला, खोडातून डिंक गळला, की आपण बोर्डो मलम घेऊन धावतो. इथं गळावा म्हणूनच काप देतात! चार ठिकाणं उरकताना हे दिसलं असतं?

परतवाड्याचा मास्तर :
सोबत म्हातारं माणूस असेल तर वादच मिटतो. तिथं गुटखा, खैनी न्यायला बंदी, म्हणजे बाबांचा तंबाखू-सुपारीचा खर्राही नाही. खोली सकाळीच सोडावी लागली. बाबा पायरीवर बॅगेला टेकून बसले आणि दर अर्ध्या तासानं "केव्हा निघते?" विचारत राहिले. आमचा दिवस रिकामाच गेला, हौसेनं नाही.

मोर्शीचा भाऊ :
रबराचं पटलं. बसण्याचं नाही. ते पाचची नोट बदलून घेतली का? तीनशेच्या वर आले असते.

संत्रावाला :
नाही. सातबाऱ्याच्या फाइलीत आहे. हिनं ठेवली.