मदत हवी आहे: लिनिया टी-जेटला शांत पण मोकळा मफलर (सायलेन्सरचा डबा) कुठला बसवावा?

मंडळी नमस्कार, जरा सविस्तर लिहितोय, वाचून सांगा प्लीज.

गाडी फियाट लिनिया टी-जेट, 2011 ची, आपल्या रांजणगावची. 1.4 लिटर टर्बो पेट्रोल, कंपनीतून निघताना 114 पीएस आणि 207 एनएम. माझ्याकडे सेकंडहँड आली तेव्हाच आधीच्या मालकाने बरंच काम केलेलं होतं, स्टेज 1 रिमॅप (पॉवर वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं), मोठा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), वेगळा एअर फिल्टर, आणि एक्झॉस्टमध्ये कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तेवढा कंपनीचा ठेवून त्याच्यामागे सरळ अडीच इंची पाईप. मधला सायलेन्सर नाहीच, आणि मागे एक गोल डबा आहे, फूटभर लांब असेल नसेल. पॉवर आता साधारण 145 च्या आसपास असावी.

गाडी खेचते जबरदस्त, 2200 आरपीएमनंतर टर्बो लागला की घाटात तिसऱ्या गिअरवर मजा येते, त्याबद्दल काही तक्रार नाही. तक्रार आवाजाची. सकाळी थंड इंजिन चालू केलं की कॅट गरम होईपर्यंत आरपीएम चढलेला असतो आणि तेवढा वेळ आख्खं पार्किंग दणाणतं, वरच पहिल्या मजल्यावर शेजारच्या काकूंचं तान्हं नातवंड झोपलेलं असतं आणि त्या बिचाऱ्या काही बोलत नाहीत पण मलाच नको वाटतं. दुसरं म्हणजे एक्सप्रेसवेला पाचव्या गिअरला 2400 ते 2800 मध्ये असा काही घुमतो आवाज की मागच्या सीटवर बसून आईच्या कानाला दडे बसतात. 3000 च्या वर गेलं की घुमणं जातं, पण सारखं तेवढ्या स्पीडला कोण चालवणार.

त्यात पोलिसांचं टेन्शन आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड, वर तीन महिने लायसन्सही जाऊ शकतं. आणि कायदा बाजूला ठेवला तरी मला स्वतःलाच एवढा आवाज नकोय, मला वेगवान गाडी आवडते, बोंबलणारी नाही.

मूळचा सायलेन्सर शोधून झाला. फियाटची इथली विक्री बंद झाल्यापासून नवीन मिळत नाहीये, भंगारात दिसला तो गंजून चाळणी झालेला. एका गॅरेजवाल्याने सांगितलं की शेपटीत आतून चोक टाकून देतो, हजार रुपयांत काम होईल. पण तो चोक बघितला तर मधलं भोक जेमतेम इंचभर, टर्बो गाडीला हे टाकणं मला पटत नाहीये. दुसरा म्हणतो चेंबरवाला मफलर घाल, तिसरा म्हणतो सरळ पाईपच 2.25 इंची कर.

तर मला हे विचारायचंय की टर्बोचा दम न घालवता आवाज खरोखर कमी करणारा मफलर कुठल्या टाईपचा, केवढा लांब, एक पुरेल का मध्ये अजून एक लागेल, आणि ते 2500 चं घुमणं नुसत्या मफलरने जाईल का त्याला वेगळं काही करावं लागतं? बजेट 25-30 हजार, थोडं वर गेलं तरी चालेल पण काम एकदाच आणि नीट व्हावं.

प्रतिसाद 1

दादा, तो चोक अजिबात टाकू नका. टर्बाईन फिरतं ते पुढच्या आणि मागच्या प्रेशरच्या फरकावर. मागे कोंडलं की फरक कमी, मग टर्बो उशिरा लागतो, तापमान चढतं, आणि रिमॅप केलेल्या इंजिनला ते जास्तच बाधतं.

चेंबरवाल्या मफलरमध्ये आत पडदे असतात, आवाज आपटून आपटून मरतो पण गॅसलाही वळणं घ्यावी लागतात. तुम्हाला हवा तो सरळ आरपार मफलर, म्हणजे आत भोकाभोकांची जाळीदार नळी, तिच्याभोवती लोकर भरलेली. गॅस नळीतून थेट जातो आणि आवाज भोकांतून लोकरीत शिरून तिथे जिरतो. यात शांतता येते ती लांबी आणि लोकरीच्या जाडीमुळे, बारीक भोकामुळे नाही. म्हणून तुमचा फूटभर डबा काही कामाचा नाही. मध्ये 18 इंची रेझोनेटर (मधला छोटा सायलेन्सर) आणि मागे 20-22 इंचाचा, अंडाकृती, पोट मोठं असलेला मफलर असे दोन घाला. विकत घेताना एका टोकातून उजेडाकडे बघा, आरपार दिसलं पाहिजे आणि आतला व्यास पाईपाएवढाच पाहिजे. मग बोट आत फिरवा. गुळगुळीत लागलं तर साधी भोकं आहेत, आणि खवल्यांसारखी पाती बोटाला अडकली तर तो लूव्हरवाला, त्यात फ्लो अडतो, तो नको. लोकर कुठली भरलीय तेही विचारा, नळीलगत स्टील वूलचा थर आणि त्यावर ग्लास किंवा बसाल्ट असेल तर टिकते, नुसती ग्लास वूल गॅसबरोबर हळूहळू उडून जाते. तुमच्या आत्ताच्या डब्यावर टकटक करून बघा, रिकाम्या डब्यासारखा खणखणला तर आत काही उरलेलं नाही.

व्यासाचं म्हणाल तर 2.25 पेक्षा 2.5 चं क्षेत्रफळ साधारण 23 टक्के जास्त. 145-150 पीएसला 2.25 पुरतो, पण फक्त त्यासाठी चांगला पाईप कापू नका.

आता घुमण्याचं. चार सिलिंडरचं इंजिन दर फेरीला दोनदा फायर होतं, म्हणजे 2500 ला सेकंदाला 83 वेळा, 83 हर्ट्झ. एवढ्या खालच्या आवाजाला लोकर फारशी दाद देत नाही. तिथे कामाला येते क्वार्टर वेव्ह नळी, मेन पाईपला टी मारून जोडलेली आणि टोकाला बंद. त्यात गेलेली लाट बंद टोकावर आपटून उलटी येते आणि मेन पाईपातल्या लाटेला मारते, आणि नळी बंद असल्यामुळे फ्लोला काहीच अडथळा नाही. लांबी त्या आवाजाच्या तरंगलांबीच्या चौथा हिस्सा. गरम गॅसमध्ये आवाज सेकंदाला 410 ते 480 मीटर पळतो असं धरलं तर सव्वा ते दीड मीटरच्या मध्ये कुठेतरी येईल. वाकवून मेन पाईपच्या बाजूने नेता येते. फक्त टोकाचं झाकण लगेच वेल्ड करू नका, आधी क्लॅम्पने सरकतं ठेवा, गाडी चालवून लांबी जुळवा आणि मग पक्कं करा.

प्रतिसाद 2

वरच्यांशी सहमत. फक्त पैसे घालायच्या आधी आणि नंतर बॅकप्रेशर, म्हणजे एक्झॉस्टमध्ये कोंडणारा दाब, मोजा. कॅटच्या मागचा ऑक्सिजन सेन्सर काढा, त्याचा आटा एम18 बाय 1.5 असतो, त्याच मापाचा अडॅप्टर लावून हातभर स्टीलची नळी आणि पुढे रबर होज, गेज केबिनमध्ये. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला पूर्ण थ्रॉटल, बाजूला दुसरा माणूस गेज बघायला. 1-2 पीएसआयच्या आत असेल तर मागचं सगळं मोकळं आहे असं समजा. ही जागा कॅटच्या मागे असल्याने कॅट तुंबलाय का ते यात कळणार नाही, ते वेगळं बघावं लागेल. आणि कुणी कॅट काढायला सांगितलं तर ऐकू नका, कॅटही आवाज खातो.

प्रतिसाद 3

ब्रँडमध्ये मॅग्नाफ्लो आणि बोर्लाचे आरपारवाले बघा, मधल्या रेझोनेटरला व्हायब्रंटचा अल्ट्रा क्वाएट. फ्लोमास्टर चेंबरवाल्यांसाठी फेमस, तुमच्या कामाचा नाही. ऑनलाईन स्टिकर मारलेले डुप्लिकेट खूप आहेत, जपून. बाहेरून मागवलं तर कस्टम ड्युटी धरून बजेट हलेल. मी असतो तर 304 स्टीलमध्ये लोकल बनवून घेतला असता, पत्रा दीड मिमीच्या खाली नको, पातळ पत्रा स्वतःच वाजतो. वाकवताना मँड्रेल बेंड (पाईपात आतून आधार घालून वाकवणं) मागा, नाहीतर वळणावर पाईप चेपतो आणि अडीच इंच कागदावरच राहतो. रबर हँगर नवीन टाका, निम्मी थरथर बॉडीला तिथूनच जाते.

धागाकर्ता

तिघांनाही मनापासून धन्यवाद, एवढं नीट कुणी समजावलं नव्हतं. डब्यावर टकटक केली, खणखणतोय. टॉर्च मारून आत बघितलं तर जाळी कोरडी ठणठणीत, भोकांतून पलीकडचा पत्रा दिसतो, आणि शेपटीच्या तोंडाशी काचेसारखे बारीक तंतू चिकटलेत. म्हणजे लोकर गेलीच आहे.

मग आधी बॅकप्रेशर मोजतो, त्यानंतर मध्ये 18 इंची आणि मागे अंडाकृती असे दोन्ही, पाईप आहे तोच. क्वार्टर वेव्ह नळी त्यानंतर, आधी मोबाईलवर फ्रिक्वेन्सीचं ॲप लावून घुमणं नेमकं किती हर्ट्झला आहे ते पकडतो आणि त्यावरून लांबी काढतो. खाली झोपून जागाही बघितली, पेट्रोल टाकीच्या बाजूने मेन पाईपला लागून नळी जाईल असं वाटतंय, पण टाकीपासून किती अंतर सोडायचं आणि मध्ये हीट शील्ड लागेल का हे कुणी केलं असेल तर सांगा. आणि भोसरी-चिंचवड बाजूला 304 चं टिग वेल्डिंग स्वच्छ करणारा, मँड्रेल बेंड मिळवून देणारा कुणी माहितीत असेल तर व्यनि करा, पुढच्या महिन्यात काम काढायचंय.